आधी चिंच बाजूला ठेवा: जुन्या चांदीच्या रुपयांची प्रत कशी पाहावी

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंना सासूबाई गेल्यावर देवघरातल्या पेटीत चांदीची ३१ नाणी मिळाली. ९ पोर्तुगीज, २२ ब्रिटिश. भाच्याने त्यातली ३ टूथपेस्टने घासून ‘नवी’ केली. ओळखीच्या सराफाने सगळी वितळवायच्या भावाने मागितली. त्यांत एक १९११ चं नाणं आहे आणि ते लाखाचं असतं असं कुणी तरी सांगितलंय. ताई विचारतात: नाण्याची प्रत घरबसल्या कशी ठरवायची, आणि उरलेली २८ घासून घ्यायची का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर परवडत नाही. घासू नका. पाण्याने धुऊसुद्धा नका. भाच्याला पेटीपासून लांब ठेवा.

हे मी अनुभवाने सांगतोय. विशीत असताना माझ्या हाती १८८१ चा पोर्तुगालच्या लुईस राजाचा रुपया आला होता, काळाभोर. आईची तांब्याची भांडी घासायची चिंच आणि राख घेऊन मी तो असा काही उजळला की आरशासारखा दिसायला लागला. मोठ्या उत्साहाने एका वयस्क संग्राहकांना दाखवला. त्यांनी दिव्याखाली एकदा तिरपा करून पाहिला, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, “काल आणला असतास तर घेतला असता.” तो रुपया अजून माझ्याकडे आहे. शिकायला आलेल्या पोरांना मी पहिला तोच दाखवतो.

आता प्रत म्हणजे काय ते पाहू. टाकसाळीतून बाहेर पडलं त्या दिवशी नाणं जसं होतं, त्यातलं आज किती उरलंय, एवढाच हा हिशेब आहे. वय त्यात येत नाही, दुर्मीळपणा येत नाही, चमक तर नाहीच नाही. पण उरण्याच्या या हिशेबात दोन वेगळे खर्च असतात आणि नवखा माणूस ते एकत्र करतो. एक झीज. हातातून हातात, कनवटीतून गल्ल्यात जाताना उंच भाग हळूहळू सपाट होतात. ती प्रामाणिक असते आणि तिच्यावरूनच प्रत ठरते. दुसरी इजा: घासणं, कानस, डाग लावून (म्हणजे झाळून जोडून) कडी बसवणं, भोक पाडणं, सोन्याचं पाणी देणं. इजा झालेलं नाणं कितीही ठसठशीत दिसलं तरी त्याला सरळ प्रत मिळत नाही. नाणं तपासून डबीत बंद करून देणाऱ्या परदेशी प्रमाणन कंपन्याही अशा नाण्याच्या डबीवर प्रतीचा आकडा टाकत नाहीत, ‘डिटेल्स’ असं लिहून दोष सांगतात.

आणि इथेच गोव्यातल्या नाण्यांची गंमत आहे. तीसेक वर्षं फोंडा, डिचोली, पेडणे भागांतल्या घरांतली नाणी पाहतोय. आपल्याकडच्या पेट्यांतल्या नाण्यांना बाजाराची झीज त्या मानाने कमी असते. घरात रुपया आला की तो लक्ष्मीच्या डब्यात जायचा आणि तिथेच राहायचा. मग दर दिवाळीला तो बाहेर काढायचा, चिंचेने किंवा रांगोळीने घासायचा, पंचामृताने न्हाऊ घालायचा, हळदकुंकू लावायचं, जमेल तसा पुसून परत डब्यात. असं साठ-सत्तर वर्षं. म्हणजे बाजाराने जे केलं नाही ते भक्तीने केलं. तुमच्या पेटीतली नाणीही देवघरातली आहेत, तेव्हा पहिला संशय हाच धरून चाला.

बघायचं कसं? टेबलावर मऊ पंचा घाला, म्हणजे नाणं सुटलं तर आपटणार नाही. हात धुऊन कोरडे करा. नाणं दोन बोटांनी फक्त कडेने धरा, छाप्याला किंवा काट्याला बोट लावू नका. बोटाच्या घामाचा ठसा चांदीत उतरतो आणि वर्षभराने तपकिरी होऊन वर येतो. खोलीतली ट्यूब बंद करून एकच दिवा ठेवा, साध्या पिवळ्या प्रकाशाचा असेल तर उत्तम. त्याखाली नाणं तिरपं धरून सावकाश गोल फिरवा. पाचपट ते दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, त्याहून जास्त घेतलंत तर प्रत्येक नाणं युद्धातून आल्यासारखं दिसेल.

न वापरलेल्या नाण्यावर फिरवताना प्रकाशाचा एक पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल धावतो. ठशाच्या दाबाने धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, त्याच्या सूक्ष्म रेषांमुळे हे होतं. संग्राहक त्याला लस्टर म्हणतात, मी टाकसाळी झळाळी म्हणतो. ती एकदा गेली की कुठल्याच उपायाने परत येत नाही. पॉलिशची चमक वेगळी: ती सगळीकडे सारखी असते, फिरवल्यावर धावत नाही. हा फरक वाचून कळत नाही. एखाद्या मित्राकडून न वापरलेलं नाणं मागून घ्या, शेजारी भाच्याने घासलेलं ठेवा आणि दिव्याखाली दोन्ही फिरवा. पाच मिनिटांत डोळ्याला कळेल.

घासल्याच्या खुणा भिंगाखाली अशा दिसतात: केसासारख्या बारीक रेषा, बहुधा एकाच दिशेने जाणाऱ्या किंवा लहान गोलांत फिरणाऱ्या. त्या चित्राच्या कडेशी थांबत नाहीत, वरून तशाच पुढे जातात. दुसरी खूण म्हणजे मोकळी जागा लखलखीत, पण अक्षरांच्या खोबणीत आणि केसांच्या बटांमध्ये काळं किंवा लाल-पिवळं काही अडकलेलं. लाल-पिवळं म्हणजे आपलं हळदकुंकू. ते टोकेरी काडीने कोरायला जाऊ नका. तो मळ तिथे राहिला तर फारसं बिघडत नाही, सुईचा ओरखडा मात्र कायमचा.

आता झीज. ती प्रत्येक चित्रात ठरावीक जागांपासून सुरू होते, म्हणून आधी त्या जागा ठाऊक हव्यात. राणीछाप (व्हिक्टोरियाच्या) रुपयावर गाल, मुकुटाचा पुढचा भाग, कानाजवळचे केस, आणि पोशाखावरची वेलबुट्टी. मी सगळ्यात आधी वेलबुट्टी पाहतो. ती फुलांसकट मोजता येत असेल तर नाणं चांगलं, नुसता उंचवटा राहिला असेल तर मध्यम, छाती गुळगुळीत असेल तर खालचं. एडवर्ड राजाच्या रुपयावर (१९०३ ते १९१०) मुकुट नाही, उघडं डोकं आहे, तिथे कानावरचे केस, भुवई आणि दाढी पाहायची. जॉर्ज पंचमवर मुकुटाची मधली पट्टी, कान, दाढी आणि अंगरख्यावरचा छोटा हत्ती.

पोर्तुगीज रुपयांत तुमच्याकडे १८८१ चे लुईसचे ५, १९०३ आणि १९०४ चे कार्लुस राजाचे मिळून २, प्रजासत्ताकाचा १९१२ चा १ आणि १९४७ चा १, असं तुम्ही लिहिलंय. लुईस आणि कार्लुस दोघांच्याही चेहऱ्यावर कानावरचे केस, भुवई आणि मिशीचं टोक पाहा. लुईसच्या मागच्या बाजूला मुकुटाखाली पोर्तुगालची ढाल आहे. तिच्या पोटात पाच लहान ढाली आणि भोवती सात किल्ले. हे किल्ले म्हणजे देवाने दिलेली पट्टीच समजा. सातही वेगळे, बुरुजांसकट दिसले तर नाणं वरच्या प्रतीचं. चार-पाच दिसले आणि बाकीचे ढेकळं झाले तर मध्यम. नुसती ढालीची बाह्यरेषा उरली असेल तर पुढे बघायलाच नको. १९१२ च्या रुपयावर राजा गेला आणि स्वातंत्र्यदेवीचं डोकं आलं, तिथे गाल आणि केसांच्या लाटा आधी जातात.

एक अडचण इथेच सांगून टाकतो, कारण चांगली माणसंही तिथे फसतात. कधीकधी भाग सपाट असतो तो झिजल्यामुळे नव्हे, तर मुळात ठसा नीट उठलाच नाही म्हणून. ओळखायचं असं: त्या सपाट जागेची पोत आजूबाजूच्या मोकळ्या जागेसारखीच आणि झळाळीसकट असेल, तर ठसा कमजोर. राखाडी, मेणचट, गुळगुळीत असेल तर झीज. शिवाय नाणं उलटून बरोबर त्याच जागेच्या पाठीला काय आहे ते पाहा. पाठीला उंच चित्र असेल तर धातू दोन्हीकडे पुरला नाही असं समजावं. १८८१ च्या आधीची, गोव्यातच पाडलेली नाणी तर यात फारच अवघड. पणजीला मोठ्या पोस्टाच्या मागे कासा द मोएदा ही इमारत अजून उभी आहे, तिथे एकेकाळी टाकसाळ होती. तिथली नाणी वेडीवाकडी, अर्धं नाव कडेबाहेर गेलेली, एका बाजूला जाड तर दुसऱ्या बाजूला पातळ अशी येतात. त्यांना मुंबई-कलकत्त्याच्या कळदार (यंत्रावर पाडलेल्या) रुपयाची फूटपट्टी लावली तर एकही पास होणार नाही. त्यांची तुलना त्यांच्याच भावंडांशी करायची. तुमच्याकडे तशी नाहीत, म्हणून हा विषय इथेच सोडतो.

प्रतींची नावं. बाजारात इंग्रजी आद्याक्षरं चालतात. खालून वर: जी (गुड), व्हीजी (व्हेरी गुड), एफ (फाइन), व्हीएफ (व्हेरी फाइन), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड, जवळजवळ न वापरलेलं), यूएनसी (अनसर्क्युलेटेड, न वापरलेलं). अमेरिकन पद्धतीत यालाच १ ते ७० आकडे जोडलेत. एफ म्हणजे साधारण १२, व्हीएफ २० पासून, एक्सएफ ४० पासून, एयू ५० पासून आणि ६० च्या पुढे न वापरलेलं. जुन्या पोर्तुगीज याद्या किंवा लिस्बनचे लिलाव पाहिलेत तर तिथे वेगळी भाषा भेटेल: एमबीसी म्हणजे ‘फार चांगलं राखलेलं’, ते आपल्या व्हीएफच्या आसपास. त्यावर बेला, त्यावर सोबेर्बा, आणि सगळ्यात वर फ्लोर द कुन्यु, म्हणजे ठशाचं फूल. नाव मला फार आवडतं. पण विकणारा ‘सोबेर्बा’ म्हणतो म्हणून नाणं सोबेर्बा होत नाही. आपल्या बाजारात तर प्रत्येक नाणं विकताना एक पायरी वर चढतं आणि विकत घेताना दोन पायऱ्या खाली उतरतं. ताई, आकड्यांच्या मागे लागू नका. झिजलेलं, मध्यम, चांगलं, उत्तम, असे चार ढीग पाडता आले तरी पुष्कळ झालं.

इजेत गोव्यात सगळ्यात जास्त सापडते ती कडीची खूण. रुपयाला कडी लावून गळ्यात घालायची किंवा माळ करायची पद्धत होती. पुढे कुणी तरी कडी तोडली, डाग कानशीने साफ केला आणि नाणं परत डब्यात टाकलं. चित्राकडे बघत राहिलं तर हे नजरेतून सुटतं. नाणं आडवं धरून कडेचे कंगोरे सगळ्या बाजूंनी पाहा, विशेषतः राजाच्या डोक्याच्या वर, म्हणजे घड्याळातल्या १२ च्या जागी. कंगोरे मध्येच पुसट झाले, रेघा कमी-जास्त अंतरावर आल्या किंवा तिथली चांदी वेगळ्या रंगाची दिसली, तर तिथे डाग होता. अक्षरांच्या खोबणीत सोनेरी छटा दिसली तर कधीकाळी पाणी दिलेलं होतं.

खरं-खोटं पाहायला वजनकाटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात शेकडा ९१.७ चांदी. वजन म्हणजे बरोबर जुना एक तोळा, म्हणूनच आपले सोनार रुपयाभार वजन करायचे. १८७८ च्या अँग्लो-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचा रुपया ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीला आणला आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या टाकसाळीत पाडला. त्यामुळे लुईस, कार्लुस आणि १९१२ चा प्रजासत्ताकाचा रुपया यांचंही वजन-कस तेच. वापरलेलं नाणं ११.५ किंवा ११.४५ भरलं तर घाबरू नका, ब्रिटिश कायदाही चलनातल्या रुपयाची शेकडा २ पर्यंतची घट चालवून घेत असे. पण चित्र ठसठशीत आणि वजन ११ च्या खाली, असं झालं तर काही तरी गडबड आहे. वजन ११.६६ पेक्षा जास्त भरलं तर डाग किंवा बनावट, दोन्हींचा विचार करा.

धातूची शंका आली तर पाण्याची परीक्षा करा. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबकळत धरा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. ११.६६ च्या चांगल्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवेल. कोरडं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता, ती १०.३ च्या जवळ यायला हवी. जर्मन सिल्व्हरचं असेल तर ८.७ च्या आसपास येईल. नंतर नाणं न चोळता मऊ कापडाने टिपून घ्या. धुऊ नका म्हटलं आणि आता बुडवायला सांगतोय, हे मला कळतंय. म्हणून ही परीक्षा फक्त संशयित नाण्याचीच करायची. फरशीवर आपटून ‘खणखणीत’ आहे का ते ऐकायची जुनी रीत सोडून द्या. नाणं खरं निघालं तरी कडेला टोला पडलेला असतो.

चुंबकाची गोष्ट मजेची आहे. १९४७ चा ब्रिटिश रुपया निकेलचा, चुंबकाला चिकटतो. त्याच वर्षाचा गोव्याचा पोर्तुगीज रुपया १२ ग्रॅमचा, त्यात निम्मी चांदी, तो चिकटत नाही. आणि १९५२ चा पोर्तुगीज रुपया तांबं-निकेलच्या मिश्रणाचा, चांदी शून्य, तरी तोही चिकटत नाही. तेव्हा ‘चिकटला नाही म्हणजे चांदी’ असं कुणी म्हटलं तर ऐकून सोडून द्या. १९४० ते १९४५ चे राजाछाप रुपयेही निम्म्या चांदीचेच. त्यांच्या कंगोऱ्यांच्या मधोमध गोल खाच असते, झिजले की ते राखाडी दिसतात. तुमचा सराफ सगळ्या ३१ नाण्यांना एकच भाव लावत असेल तर या निम्म्या चांदीच्या नाण्यांचं काय करतो ते विचारा. जुन्या रुपयात निव्वळ चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, तुमच्या १९४७ च्या पोर्तुगीज रुपयात ६.

तुमचं १९११ चं नाणं. त्या वर्षीच्या रुपयावर जॉर्ज राजाच्या अंगरख्यावरच्या हत्तीची सोंड आखूड झाली आणि लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी परत मागवून बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून सोंड लांब केली. म्हणून १९११ चा रुपया इतर वर्षांपेक्षा कमी मिळतो आणि झिजलेलाही चांदीच्या भावापेक्षा जास्त जातो. पण लाखाची बात सोडा. आणि मागणी आहे तिथे नकलाही आहेत. ओतीव नकलेवर भिंगाखाली मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे किंवा फुगे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल असतात, आणि कडेवर कधी जोडाची रेघ सापडते. १९३९ चा रुपया तर आणखी दुर्मीळ, त्याच्याबाबत याहून दुप्पट सावध राहायचं, तिथे १९३८ च्या शेवटच्या आकड्यावर हात चालवणारेही आहेत. हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात पर्यटकांना विकतात त्या ‘प्राचीन’ रुपयांबद्दल मी काही बोलत नाही, सकाळी सकाळी तोंड खराब होतं.

काळेपणाचं काय, असा प्रश्न राहतोच. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, आणि आपला पावसाळ्यातला दमट वारा त्याला हातभार लावतो. सगळीकडे सारखा पसरलेला करडा, निळसर, तपकिरी थर हे नाण्याचं पांघरूण आहे. खालची झळाळी त्याने झाकलेली असते, गेलेली नसते. जाणकार अशा नाण्याला जास्त पैसे देतात. हिरवा, चिकट थर मात्र वेगळा. तो बहुधा स्वस्त मऊ प्लॅस्टिकच्या खिशांतून येतो. माझ्या स्वतःच्या एका अल्बममध्ये दोन पावसाळ्यांत १४ नाण्यांना हा रोग लागला होता. तो शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणं बुडवून निघतो (नखांचं रंगीत रिमूव्हर नव्हे), पण न चोळता, खिडकी उघडी ठेवून आणि समईपासून लांब. आधी सगळ्यात स्वस्त नाण्यावर करून बघा.

ठेवायला कागदी चौकटीत पारदर्शक कडक पापुद्रा असलेले होल्डर मिळतात, ते घ्या. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जूनच्या आधी बदला. रबरबँड, लोकरीचं कापड आणि वर्तमानपत्राचा कागद नाण्याजवळ नको, तिन्हींतून गंधक सुटतो.

आणखी एक, तुमच्या प्रश्नात नसलेलं. लिस्बनला किंवा दुबईला असलेला नातेवाईक ‘इकडे चांगला भाव येईल, पाठवून द्या’ म्हणेल. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. देशात विकायला हरकत नाही. पण सगळी एकदम एकाच दुकानात नेऊ नका. चार ढीग पाडा, प्रत्येकाची यादी करा, वजन लिहा आणि दोन-तीन ठिकाणी विचारा.

यंदा लक्ष्मीपूजनाला भाच्याने घासलेली ती ३ नाणी ठेवा, हळदकुंकू त्यांनाच लावा. बाकीची पेटीतच राहू देत, देवी रागावणार नाही. आणि १९११ च्या नाण्याचं वजन ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि हत्तीचा जवळून काढलेला फोटो आधी पाठवा. फ्लॅश नको, दिवा बाजूने धरा.